मर्जीने गेली म्हणून केस संपत नाही

संपादक साहेब, स. न. वि. वि.

आमच्या गल्लीतली एक पोरगी मागच्या वर्षी दुबईला घरकामाला जाते म्हणून गेली. जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडेच पासपोर्टचं झेरॉक्स काढायला आली होती, तिच्या पायात एजंट बाईने घेऊन दिलेल्या नव्याकोऱ्या चपला, लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं. दोन महिन्यांनी फोन बंद. तिची आई पोलिसात गेली तर तिथे एकच उत्तर, पोरगी सज्ञान आहे, मर्जीने गेलीय.

पण कायदा असं म्हणतच नाही ना! भारतीय न्याय संहितेचं मानवी तस्करीचं कलम 143 वाचा, फसवून, धमकावून, पैशाचं आमिष दाखवून शोषणासाठी नेलं असेल तर तिची संमती बघायचीच नाही. आधी हेच जुन्या भारतीय दंड संहितेच्या (आयपीसी) कलम 370 मध्ये होतं, 2013 पासून. मानवी तस्करी रोखायच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2000 सालच्या करारात, पालेर्मो प्रोटोकॉलमधे पण हेच आहे आणि आपण तो 2011 ला मान्य केलाय. मग ठाण्यात बसलेल्या माणसाला हे कोणी सांगायचं?

मानवी तस्करीचं वेगळं विधेयक 2018 ला लोकसभेत पास झालं, राज्यसभेत अडकलं आणि 2019 ला लोकसभेची मुदत संपल्यावर बादच झालं. त्यात पुनर्वसनाचा फंड होता हो, परत आलेल्या पोरीला उभं राहायला तेच तर लागतं. 1956 चा पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आहे पण तो मुख्यतः कुंटणखान्यांभोवतीच फिरतो, परदेशात बसलेल्या एजंटला त्याने काय होणार?

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या खासदारांनी हे विधेयक पुन्हा मांडायला लावावं. तिची आई अजून रोज संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन विचारते, दादा, काही मेसेज आला का.

- एक वाचक, भुसावळ