कादंबरी शिकवायची तर हस्तलिखितावर बसा

मा. संपादक,

मुंबईत कादंबरीलेखनाची कार्यशाळा जाहीर झाली की ‘लिहिणं शिकवून येतं का?’ हा प्रश्न ठरलेला. मराठीपुरता हा वाद फार जुना आहे. ना. सी. फडक्यांचं कथा-कादंबरीच्या तंत्रावरचं ‘प्रतिभासाधन’ हे पुस्तक १९३१ सालचं. ‘दौलत’सारख्या कादंबऱ्यांनी घराघरांत पोहोचलेला लेखक, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातला प्राध्यापक, आपल्या धंद्याच्या खुब्या चारचौघांत उघड करत होता. पुढे १९४० च्या रत्नागिरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आणि १९६२ मध्ये पद्मभूषण, असे मानसन्मान त्यांना मिळाले. त्यांच्यातला मास्तर मात्र ‘तंत्रवादी’, म्हणजे रचनेच्या कसबालाच सर्वस्व मानणारा, या एका शिक्क्याखाली गाडला गेला.

शिक्का अगदीच खोटा नाही. फडके पद्धतीनं कथानक घट्ट बसतं, पण योगायोग बोकाळतात आणि सगळी पात्रं एकाच सुशिक्षित घरात वाढल्यासारखी बोलतात. ठरावीक कथानकाला फाटा देणाऱ्या नवकथेनं ती चौकट खिळखिळी केली, भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ कादंबरीनं १९६३ मध्ये उरलीसुरली मोडली. तरीही हे दोष नवोदितांच्या हस्तलिखितांत आजही जसेच्या तसे सापडतात. साताऱ्याहून आलेला, गिरणीत गैरहजरांच्या जागी राबणारा बदली कामगार आणि पार्ल्याची प्राध्यापिका एकाच प्रमाण मराठीत भांडतात! यावर व्याख्यान देऊन काही होत नाही. संवादातली ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ खोडून पान मोठ्यानं वाचायला लावा. कोण बोलतंय हे ऐकणाऱ्याला कळलं नाही, तर ते पान पुन्हा लिहायचं.

दुसरा घोळ काळाचा. मुंबईच्या कादंबरीत तो लगेच उघडा पडतो. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. त्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी एकविशीच्या आसपास हवा. पण पंधराव्या प्रकरणात तो खुशाल शाळेत जाताना दिसतो. १९८५ च्या प्रसंगात कुणी ‘सीएसएमटी’ला उतरतं, तेव्हा ते स्टेशन व्हीटी होतं. प्रभादेवी स्टेशन २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं. उपाय साधा आहे. एका मोठ्या कागदावर उभ्या रकान्यांत पात्रं आणि आडव्या ओळींत सालं मांडायची आणि प्रत्येक चौकोनात त्या पात्राचं वय नि राहण्याची जागा भरायची. हा तक्ता पहिला खर्डा संपल्यावर करावा. आधी केला तर लेखक तक्त्यालाच कादंबरी समजून बसतो.

तिसरी अडचण चाळिसाव्या पानाच्या आसपास येते. पहिली तीन प्रकरणं घासूनपुसून लख्ख होतात, पुढे गाडी हलत नाही. कारण बहुधा एकच असतं: नायकाला काय हवंय आणि ते कोण अडवतंय, हे लेखकानंच ठरवलेलं नसतं. इथे मात्र फडक्यांकडे जावं. निरगाठ कशी मारायची आणि कधी सोडायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. साठ हजार शब्दांची कादंबरी रोज पाचशे शब्दांनी एकशेवीस दिवसांत उभी राहते. पण तोवर मागची पानं दुरुस्त न करण्याचा संयम हवा, आणि तोच शिकवायला सर्वांत अवघड.

म्हणूनच दोन दिवसांच्या कार्यशाळेतून उत्साहापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. आठ-दहा जण, सहा महिने, पंधरा दिवसांतून एक बैठक. दर वेळी दोघांची दहा-दहा पानं, आधी वाटलेली आणि सगळ्यांनी पेन्सिलीनं खुणा करून आणलेली. चर्चा चालू असताना लेखकानं तोंड उघडायचं नाही, कारण जे समजावून सांगावं लागतं ते पानावर उतरलेलं नसतं. ‘छान आहे’ या अभिप्रायाला बंदी.

दादर-पार्ल्याच्या संस्थांनी उद्घाटक, शाल-श्रीफळ आणि प्रमाणपत्रांवरचा खर्च निदान एकदा तरी या पानांच्या झेरॉक्सवर करून पाहावा.

– कादंबरीलेखन वर्गाचे मार्गदर्शक, दादर, मुंबई