फोनवर सांगितलेला आकडा

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, मी घेतलेल्या जुन्या रायफलीबद्दल परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "केवढ्याला पडली?" मी जो आकडा सांगितला तो खरा नव्हता. खऱ्यापेक्षा बराच कमी होता. तुम्ही "बरं, ठीक आहे" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. त्यानंतर दोन दिवस मला काही सुचेना. पैशाची गोष्ट मी तुमच्यापासून कधी लपवली नव्हती, आणि जी वस्तू घेतल्याचा एवढा आनंद झालाय तिच्याच बाबतीत खोटं बोलले. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. फोनवर मला हे सगळं सलग सांगता आलं नसतं.

मी या रायफलीला जास्त पैसे दिले. मनाशी जी रक्कम ठरवून गेले होते तिच्या जवळजवळ दीडपट. नेमबाजीच्या रेंजवर ज्यांना यातलं कळतं त्यांनी मला आधीच सांगितलं होतं की याच मॉडेलची, याच वयाची उजव्या हाताची रायफल यापेक्षा पुष्कळ कमी पैशांत मिळते. म्हणजे फसले म्हणावं तर तसंही नाही. सगळं माहीत असून दिले. आणि तीन महिने झाले, अजून एकदाही वाईट वाटलेलं नाही.

बाबा, तुम्ही लेथवर आयुष्य काढलंत, तेव्हा वस्तूबद्दल आधी तुम्हाला सांगते. आन्शुट्झ कंपनीची १४१३ ही रायफल आहे, पॉइंट टू टू बोअरची. ही कंपनी १८५६ साली जर्मनीत मेहलिस गावात सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर घराण्याला तिथलं सगळं सोडावं लागलं आणि १९५० साली त्यांनी उल्म शहरात पुन्हा पहिल्यापासून मांडामांड केली. माझी रायफल उल्मची. अक्रोडाचा दस्ता, त्याला अंगठा घालायला आरपार भोक, खांद्याला अडकणारी आकड्याची पट्टी, आणि वजन सातेक किलो. जड आहे, पण ती जडच हवी, कारण जड वस्तू हातात कमी हलते.

आई, तुझ्यासाठी: पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली स्वप्नील कुसाळेनं कांस्यपदक मिळवलं ते ज्या प्रकारात, तोच हा प्रकार. ५० मीटरवर लक्ष्य, आणि तीन पोझिशन: गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून, प्रत्येकी २० गोळ्या. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. करंगळीच्या नखाएवढं समज, आणि ते पन्नास मीटर लांब.

बाबा, आता हा हिशोब बघा. नेम धरायच्या मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये साधारण ८० सेंटीमीटर अंतर. तिथं एक दशांश मिलिमीटरची चूक झाली तर ५० मीटरवर गोळी सहा मिलिमीटर सरकते. वर्तुळच मुळात १०.४ चं, म्हणजे मधोमध बसायची गोळी त्याच्या काठावर जाते. तुम्ही मायक्रोमीटर लावून जॉब पुन्हा पुन्हा तपासायचात तेव्हा मी कंटाळून बाजूला बसायचे. आता मी तेच करते, फक्त माझा जॉब म्हणजे माझाच गाल, माझाच खांदा, माझाच श्वास.

आणि मी डावखुरी. खरं तर सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

गेली सहा वर्षं मी क्लबची उजव्या हाताची रायफल डाव्या खांद्याला लावून मारत होते. तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस घालायला मागेपुढे ओढायचा दांडा, उजव्या बाजूला. पालथं झोपलं की उजवा हात स्लिंगमध्ये, म्हणजे रायफलीच्या पट्ट्यात, अडकलेला असतो, त्याच्यावरच रायफल तोललेली असते, तो हलवायचाच नाही. मग प्रत्येक गोळीनंतर डावा हात पकडीतून काढायचा, साइटवरून पलीकडे न्यायचा, बोल्ट ओढायचा, नवं काडतूस घालायचं, बोल्ट बंद करायचा आणि हात परत जागेवर आणायचा. या खटाटोपात गाल दस्त्यावरून उचलला जातो, खांदा सरकतो. एका सामन्यात हे साठ वेळा. साठ वेळा जमवलेली बैठक मोडायची आणि पुन्हा जमवायची. दस्त्यालाही गालाचा फुगवटा भलत्याच बाजूला. मी त्यावर फोमची पट्टी चिकटवून भागवत होते.

आई, लहानपणी माझा डावा हात बांधून ठेवा म्हणणारे कमी नव्हते. तू कुणाचं ऐकलं नाहीस. "आहे तशी राहू दे" एवढंच म्हणालीस. पण कात्री, कुलूप, कॅन ओपनर, शाळेचा बाक, सगळंच उजव्यांसाठी केलेलं असतं आणि आपण जुळवून घ्यायला शिकतो. इतकं शिकतो की जुळवून घेतोय हेच विसरतो. ही रायफल पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा डावा तळवा दस्त्याच्या खोबणीत अलगद जाऊन बसला. लाकूड तिथं थोडं गुळगुळीत झालेलं होतं, कारण पन्नासेक वर्षं दुसऱ्या कुणाचा तरी डावा हात तिथंच बसत होता. मी ती खाली ठेवली आणि परत उचलली. त्या क्षणीच भाव करायची माझी ताकद संपली असावी, पण ते तेव्हा कळलं नाही.

विकणारे गृहस्थ वयस्कर, तेही डावखुरे. दृष्टी अधू झाल्यामुळे पुढची साइट दिसेनाशी झाली, म्हणून खेळणं थांबवलं. त्यांनी किंमत सांगितली. मी एकदाच म्हटलं, थोडं कमी करता येईल का? ते म्हणाले, "नाही. मला घाई नाही." रागानं म्हणाले नाहीत, गुर्मीतही नाही. मी विचार करते म्हणून निघाले आणि दोन आठवडे दुसरीकडे शोधत राहिले.

डाव्या हाताच्या मॅच रायफली मुळातच थोड्या बनतात, त्यामुळे शोधूनही दोनच सापडल्या. एकीच्या नळीचं तोंड गंजलेलं. नळीचं तोंड म्हणजे गोळीला शेवटचा स्पर्श होतो ती जागा, तिथं गंज असेल तर बाकीची नळी आरशासारखी असून उपयोग नाही. दुसरीचा दस्ता कुणी तरी घासून, रंगवून चकचकीत केला होता आणि खांद्याचा आकडाच गायब. चकचकीत करून विकलेल्या वस्तूबद्दल तुम्ही नेहमी काय म्हणता ते आठवलं: आधी रंगाखाली बघ. नव्या रायफलीची किंमत तर मी बघूनच सोडून दिली.

तेव्हा परत त्यांच्याकडे गेले. त्या दिवशी त्यांनी कपाटातून वह्या काढल्या. अकरा वह्या. प्रत्येक सरावाची तारीख, हवा, काडतुसांचा लॉट नंबर (म्हणजे ती कारखान्यातल्या कोणत्या खेपेची), किती गोळ्या मारल्या, लक्ष्यावर भोकांचा गट केवढ्या मिलिमीटरमध्ये बसला, सगळं एका अक्षरात लिहिलेलं. बाबा, पॉइंट टू टूच्या काडतुसांचं एक विचित्र असतं. त्याच कंपनीची, त्याच डब्यासारखी दिसणारी, पण वेगळ्या लॉटची काडतुसं एका नळीत सुरेख चालतात आणि दुसरीत फाकतात. म्हणून गंभीरपणे खेळणारे लोक नळी शिकंजात पकडून वेगवेगळे लॉट मारून बघतात आणि जो जुळेल तोच भरपूर घेऊन ठेवतात. गोळी फक्त २.६ ग्रॅमची, आणि मॅचची काडतुसं मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेली असतात, कारण तो वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डगमगते. एवढ्या नाजूक गोष्टीत नळीची आवडनिवड माहीत असणं म्हणजे अर्धं काम. ती त्या वह्यांमध्ये होती. काडतुसावर आपटणाऱ्या फायरिंग पिनची स्प्रिंग कधी बदलली, दस्त्याचे स्क्रू किती आवळल्यावर गट घट्ट बसतो, हेही होतं. एका पानावर नुसतं लिहिलेलं, "आज वाऱ्याचा अंदाज चुकला, रायफलीचा दोष नाही." ते वाक्य मी दोनदा वाचलं.

वह्यांचे पैसे त्यांनी वेगळे मागितले नाहीत. "रायफलीबरोबर जातात," म्हणाले. मी पैसे दिले. दुसऱ्यांदा भाव केला नाही.

तुम्ही विचाराल की मग जास्त कुठे दिले, हे सगळं त्या किमतीत येतंच की. मीही स्वतःला तसं समजावून पाहिलं. डाव्या हाताची म्हणून काही जादा, नळी निर्दोष म्हणून काही, वह्यांचे काही. शिसं मऊ, काडतुसाचा दाब कमी, त्यामुळे अशी नळी नीट राखली तर फार सावकाश झिजते. तेव्हा पन्नास वर्षांची असली तरी म्हातारी नव्हे. हे सगळं मांडलं तरी जादा दिलेल्या रकमेतला साधारण तिसरा हिस्सा उरतोच. तो कशातच बसत नाही. तो मी फक्त ही रायफल मला हवी होती म्हणून दिला. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही, आणि त्याला गुंतवणूक-बिंतवणूक असं नावही देणार नाही. मला ती विकायचीच नाही, तर उद्या तिला काय भाव येईल याच्याशी माझं काय देणंघेणं?

रेंजवर या विषयावर मोठा वाद झाला होता. एकानं विंचेस्टरच्या मॉडेल ७० चं उदाहरण दिलं. ती शिकारीची रायफल १९३६ साली आली आणि नावाजली गेली. १९६४ मध्ये कंपनीनं खर्च वाचवायला तिच्यात बदल केले. काडतुसाला घट्ट धरणारा पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर काढून टाकला, दस्त्यावरची जाळी हातानं कापायची सोडून दाबून उठवायला लागले. तेव्हापासून आजतागायत लोक १९६४ च्या आधीच्या रायफलीला जास्त पैसे मोजतात. तो म्हणत होता, यातला निम्मा पैसा पोलादाला आणि निम्मा त्या सालाला जातो. असेल. पण तो पंजा खरोखर चांगला होता, आणि ज्याला तो बोल्ट ओढताना हाताला जाणवतो त्यानं त्याचे पैसे दिले तर मला ते चुकीचं वाटत नाही. दुखतं ते वेगळ्या ठिकाणी. न वापरता कपाटात ठेवायला कुणी जास्त पैसे देऊन घेतली की मला त्या रायफलीचं वाईट वाटतं.

गुणांबद्दल तुम्ही विचारालच. झोपून मारण्यात फरक पडलाय, आणि तो दिसतो: आता उजवा हात, गाल, खांदा वीसच्या वीस गोळ्या जागचे हलत नाहीत, फक्त डावा हात बोल्टपर्यंत जातो आणि परत येतो. गुडघ्यावर थोडासा फरक. उभ्यानं मात्र होते तिथंच आहे. तिथं रायफल काही करू शकत नाही, तिथं पाय आणि पाठ लागते आणि ती मलाच कमवायची आहे.

आई, घरात हत्यार आलं म्हणून तुझ्या पोटात गोळा आला असणार. फोनवर तू काही बोलली नाहीस, पण तुझं गप्प राहणं मला ओळखता येतं. परवान्याची सगळी कागदपत्रं पूर्ण आहेत. रायफल भिंतीत ठोकलेल्या पोलादी कपाटात असते, बोल्ट काढून वेगळा, वेगळ्या कुलपात. काडतुसं तिसरीकडे. बोल्टशिवाय ती नुसती लाकडाची आणि लोखंडाची जड वस्तू आहे. रेंजवरसुद्धा गोळी मारायची नसेल तेव्हा नळीत भडक रंगाची सुरक्षा-दोरी घालून ठेवावी लागते, म्हणजे दुरूनही दिसतं की आत काडतूस नाही. मी यात कधीही ढिलाई करणार नाही, हा माझा शब्द आहे.

रविवारी संध्याकाळी मी तिला साफ करते. टेबलावर जुनी चादर अंथरायची, बोल्ट काढायचा, नळीतून मागून पुढे कापडी बोळा ओढायचा, पहिला काळा येतो, मग राखाडी, मग पांढरा. नंतर त्या गृहस्थांच्या शेवटच्या, अर्ध्या कोऱ्या वहीत पुढच्या ओळीवर आजची तारीख टाकते. त्यांच्या अक्षराखाली माझं अक्षर. बारावी वही आणायची वेळ अजून आलेली नाही.

बाबा, पुढच्या महिन्यात याल तेव्हा बोल्ट तुमच्या हातात द्यायचा आहे. तो बंद होताना जे जाणवतं ते मला शब्दांत सांगता येत नाही; तुम्ही एकदा बंद करून बघितलात की माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त कळेल, कुणी तरी तो किती मन लावून घासलाय ते. चष्मा आणा, नळीवर उल्मच्या प्रूफ हाऊसचा, म्हणजे बंदुका तपासून पास करणाऱ्या संस्थेचा, हरणाच्या शिंगाचा बारीक ठसा आहे, तोही दाखवायचाय.

खरेदीच्या पावतीची प्रत सोबत घातली आहे. तिच्यावरचा आकडा खरा.

तुमची,
लेक