गोदाकाठी परिषद: आधी तारीख, मग सभागृह

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई-पुण्याच्या कंपन्या वितरकांचे मेळावे आणि वार्षिक बैठका नाशिकला भरवतात, ही शहरासाठी चांगली गोष्ट आहे. पण अनेक आयोजक आधी सभागृह पसंत करतात आणि तारीख मागून ठरवतात. गोदावरीच्या काठी हा क्रम उलटा हवा.

जुलै ते सप्टेंबर हे महिने नदीचे आहेत. गंगापूर धरण शहराच्या वरच्या अंगाला आहे. धरण भरत आले आणि पाऊस थांबला नाही की विसर्ग वाढतो, त्यात शहरातल्या नाल्यांचे पाणी मिळते आणि काही तासांत गोदाघाट, सराफ बाजाराच्या सखल भागात पाणी शिरते. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आले यावरून नाशिककर पूर मोजतात; ऑगस्ट २०१९ मध्ये तो अख्खा बुडाला होता. म्हणून काठावरचे हॉटेल किंवा लॉन घेताना ते निळ्या पूररेषेच्या आत आहे का, हे नकाशावर पाहावे. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. करारात 'नैसर्गिक आपत्ती' एवढेच मोघम लिहू नये. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला तर आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला वळती होईल, असे स्पष्ट कलम घालून घ्यावे.

२०२६ आणि २०२७ मध्ये तर सिंहस्थ कुंभमेळ्याचे वेळापत्रक समोर ठेवल्याशिवाय तारीख काढूच नये. जाहीर कार्यक्रमानुसार ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, तर नाशिकमधील अमृतस्नाने २०२७ मध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबरला आहेत. या दिवसांच्या मागेपुढे खोल्याही मिळणार नाहीत आणि बसही शहरात सहज येणार नाही.

सोयीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही तुळशीविवाहानंतरचे मुहूर्ताचे दिवस टाळावेत, कारण लॉन आणि मोठी सभागृहे तेव्हा लग्नांसाठी गेलेली असतात. शनिवार-रविवारी वाइनरी पाहायला आलेल्या पर्यटकांमुळे खोल्या महाग होतात. मंगळवार-बुधवारी भावाची घासाघीस नीट करता येते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे जेवण उघड्या लॉनवर ठेवू नये. आठनंतर थंडी बोचते, पाहुणे लवकर उठतात आणि अन्न उरते.

प्रवासाचा हिशेब कागदावरच्या अंतरावरून करू नये. इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्याने कसारा घाट टळतो, पण ठाणे-भिवंडीची कोंडी टळत नाही. मुंबई विमानतळावरून येणाऱ्यांसाठी चार तास धरावेत. पुण्याहून थेट लोहमार्ग नाही आणि चाकणला वाहने अडकतात. सकाळी दहाच्या उद्घाटनाला पुणेकर हवे असतील तर त्यांना आदल्या रात्रीच आणावे. ओझर विमानतळ शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. तेथील विमाने मोजकी असल्याने निमंत्रण छापण्याआधी वेळापत्रक पाहावे. नाशिकरोड स्थानकही शहराच्या मध्यापासून आठ-दहा किलोमीटर लांब आहे, तेव्हा स्थानकावर ने-आण करणारी बस ठेवावीच.

सभागृहाच्या बाबतीत नेहमीची फसगत क्षमतेच्या आकड्यात होते. '५०० आसने' म्हणजे नुसत्या खुर्च्यांच्या रांगा. माणशी सुमारे १० चौरस फूट. पुढे टेबल लावले की माणशी १८ ते २० चौरस फूट लागतात आणि त्याच दालनात जेमतेम अडीचशे जण मावतात. मंच आणि पडद्याची जागा यातून आणखी वजा होते. पाहणी दिवसा करावी आणि पडदे ओढून प्रोजेक्टर लावायला सांगावा. वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत प्रोजेक्टर बंद पडतो व पुन्हा तापायला वेळ घेतो, म्हणून त्याला यूपीएस वेगळा मागावा. जेवणाला दर शंभर जणांमागे दोन्ही बाजूंनी वाढून घेता येणारी एक रांग हवी. दोनशे जणांना एकच रांग ठेवली तर दुपारचे पहिले सत्र हमखास उशिरा सुरू होते.

नदी पाहुण्यांना जरूर दाखवावी, पण परिषद तिथे मांडू नये. रामकुंडावरची संध्याकाळची आरती आणि काळाराम मंदिर एवढे दोन तासांत निवांत होते. मोठी बस तिथल्या गल्ल्यांत शिरत नाही. ती लांब उभी करून चालत जावे लागते, हे ज्येष्ठांना आधी सांगावे आणि त्यांच्यासाठी दोन रिक्षा ठरवून ठेवाव्यात.

प्रशासनाला एक विनंती आहे. धरणाचा विसर्ग, बंद रस्ते आणि सिंहस्थातील वाहनतळ ही माहिती आज निरनिराळ्या खात्यांकडे विचारावी लागते. ती एकाच ठिकाणी, मराठीत आणि रोज अद्ययावत मिळावी. बाहेरगावचा आयोजक कार्यक्रमाच्या तीन महिने आधी आगाऊ पैसे भरतो. त्याला त्या दिवशी शहरातला कोणता रस्ता चालू असेल हे निदान आठवडाभर आधी कळायला हवे.

– परिषद आयोजनाच्या व्यवसायातील एक वाचक, नाशिक