शून्यता म्हणजे अभाव नव्हे

संपादक महोदय,

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन यांचे शून्यतेचे तत्त्वज्ञान सांगताना ‘बौद्धांच्या मते जगच अस्तित्वात नाही’ असे सर्रास लिहिले जाते. त्यांच्या माध्यमिक दर्शनावर हा मोठा अन्याय आहे.

नागार्जुन वस्तू नाकारत नाहीत, वस्तूचा ‘स्वभाव’ नाकारतात. ‘मूलमध्यमककारिका’ या त्यांच्या मुख्य ग्रंथाच्या २७ प्रकरणांपैकी १५वे प्रकरण स्वभावाची व्याख्या देते: जो घडवलेला नाही आणि ज्याला दुसऱ्या कशाचीच अपेक्षा नाही, तो स्वभाव. असा स्वभाव नसणे म्हणजेच शून्यता. ही व्याख्या समोर न ठेवता पुढचे युक्तिवाद वाचले, की सगळेच नाकारल्यासारखे वाटते. गफलत बहुधा इथेच होते.

नागार्जुनांचे भाष्यकार चंद्रकीर्ती यांनी वस्तूला असा स्वभाव सापडतो का, याची रथाच्या उदाहरणाने सात अंगांनी तपासणी केली. रथ भागांहून वेगळा आहे का? भाग बाजूला काढले तर रथ उरत नाही. भागांशी एकरूप आहे का? मग जितके भाग तितके रथ मानावे लागतील. रथ भागांचा धनी आहे, भागांमध्ये आहे किंवा भाग त्याच्यात आहेत म्हणावे, तर आधी तो वेगळा सिद्ध करावा लागतो. नुसती रास म्हणजे रथ म्हणावे, तर सुटे करून टाकलेले चाक, आस, दांडीही रथच ठरतील. आणि आकार म्हणावा, तर भागांना सोडून आकार दाखवता येत नाही. हीच तपासणी पाच स्कंध (माणसाच्या शरीर-मनाचे घटक) आणि ‘मी’ यांच्या बाबतीत करायची असते. खरे तर रथ त्यासाठीच घेतलेला आहे.

पुष्कळजण इथेच थांबतात आणि ‘म्हणजे रथ नाहीच’ म्हणतात. पण शून्य असूनही रथ, घट, वस्त्र आपापले काम करतात, हे ‘विग्रहव्यावर्तनी’ या दुसऱ्या ग्रंथात नागार्जुनच सांगतात. रथ भागांवर अवलंबून आहे, म्हणूनच तो जोडता येतो, मोडतो, दुरुस्तही होतो.

‘मूलमध्यमककारिके’च्या २४व्या प्रकरणातला प्रतिपक्षी नेमका हाच आक्षेप घेतो: सारे शून्य असेल तर दुःख, त्याचे कारण, त्याचा शेवट आणि त्याचा मार्ग ही चार आर्यसत्येही गेली. नागार्जुन तो त्याच्यावरच उलटवतात. दुःखाला स्वभाव असता तर ते कशातून उपजले नसते आणि कोणत्याही मार्गाने निमालेही नसते. माझ्या मते साऱ्या ग्रंथाचा कणा हाच आहे.

उलट टोकाला जाऊन शून्यतेलाच जगामागचे अंतिम तत्त्व मानणेही चूक. शून्यतेचीच दृष्टी धरून बसणाऱ्यांना १३व्या प्रकरणात ‘असाध्य’ म्हटले आहे.

नव्या वाचकाने पहिल्या प्रकरणातल्या कार्यकारणाच्या किचकट चर्चेपासून सुरुवात करू नये. आधी १५वे, मग २४वे प्रकरण वाचावे.

– एक अभ्यासक