पानफुटीची रात्र वर्गात आणा

महोदय,

पानफुटीची आकृती वहीत काढली नाही असा दहावीचा विद्यार्थी सापडणं अवघड. पानाच्या कडेच्या खाचांतून फुटलेली इवली रोपं, त्यांना बाण, वर ‘शाकीय प्रजनन’ असं शीर्षक, की धडा संपला. मीही २७ वर्षं तेवढंच शिकवलं. त्याची खंत आहे, म्हणून हे पत्र.

निवृत्तीनंतर घरामागच्या सांदवाडीतल्या पानफुटीकडे नीट पाहायला वेळ मिळाला. गेल्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर होता. दोनदा पाणी देऊनही तुळस मान टाकायची, कढीपत्ता करपला. न्हाणीच्या भिंतीलगतची पानफुटी मात्र आठ दिवस पाण्यावाचून टवटवीत! बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वाटेने पाणी गमावतात. पानफुटी दिवसा रंध्रं मिटून घेते. उन्हाळ्यात आपणही पहाटेच शेतातलं काम उरकतो आणि दुपारी दार लोटून घेतो, तसंच. रात्री रंध्रं उघडून ती कार्बन डायऑक्साइड घेते आणि मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवते. दिवस उगवला की ते आम्ल मोडून, बंद दाराआड, उन्हाच्या बळावर साखर तयार करते.

पानफुटी मूळची मादागास्करची, पण तिचं हे गुपित टिपलं गेलं ते भारतात. मद्रासकडे काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी तिचं पान चावून पाहिलं: सकाळी आंबट, दुपारपर्यंत बेचव, संध्याकाळी कडवट. त्यांचं हे निरीक्षण १८१५ मध्ये छापून आलं. या प्रक्रियेला पुढे नावही पानफुटीच्याच कुळावरून, क्रॅसुलेसीवरून, मिळालं. अननस आणि आता आपल्याकडेही लावू लागलेलं ड्रॅगन फ्रूट यांचीही हीच रीत.

मुलांना मात्र पान चाखायला लावू नये. या वनस्पतीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. ऑस्ट्रेलियात तिच्या जातभाईंमुळे गुरं दगावली आहेत. आपल्याकडे मुतखड्यावर रस घेणारे पुष्कळ, त्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं. फुलोऱ्यावरची पानफुटी शेळ्यांपासून लांबच बरी.

चाखायची गरजही नाही. मागच्या हिवाळ्यात मी पहाटे साडेपाचला एक जून पान ठेचून रसाचा थेंब पीएच कागदावर टाकला. आकडा ४ च्या आसपास (आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त). त्याच रोपाचं तसंच पान संध्याकाळी पाचला तपासलं, तर आकडा ५.५ च्या पुढे. शेजारची आठवीतली मुलगी दोन्ही वेळा सोबत होती. दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिल्यावर तिने विचारलं, “मंग हे झाड रात्रभर जागते का, बाई?” इतक्या वर्षांत माझ्या वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारणार तरी कसा? रात्रीचं झाड मी त्यांना दाखवलंच नव्हतं.

विज्ञान शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, हा प्रयोग दिवाळीनंतर करा. तेव्हा आभाळ मोकळं असतं, रात्री गार असतात, फरक चांगला दिसतो. पहाटेचं पान मुलांनी घरीच तपासून कागदाचा रंग वहीत टिपून आणावा. आपल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हाच कुणाच्या अंगणातून एक पान मागून आणून ओल्या मातीवर ठेवलं, तर दिवाळीपर्यंत वर्गाची स्वतःची पानफुटी उभी राहील.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
ता. आर्वी, जि. वर्धा