चार पंख्यांचे यंत्र 1918 मध्येच उडाले होते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील ड्रोनवरचा लेख दोनदा वाचला. मेहनतीने लिहिलेला आहे. पण चार पंख्यांवर तरंगणारे यंत्र ही या शतकाची कल्पना असल्याचे त्यात म्हटले आहे, आणि पहिल्या महायुद्धातले प्रयोग ‘फसले’ म्हणून एका ओळीत मोडीत काढले आहेत. लष्करी हेलिकॉप्टरांच्या देखभालीत मी 22 वर्षे काढली. ही ओळ वाचल्यापासून चैन पडेना, म्हणून हे पत्र.

त्या युद्धात तोफखान्याला गोळा नेमका कुठे पडला हे सांगणारा माणूस उंचावर हवा असे. त्यासाठी हायड्रोजनचा फुगा तारेने बांधून वर सोडत आणि खाली टांगलेल्या टोपलीत निरीक्षक टेलिफोन घेऊन बसे. शत्रूच्या विमानाला एवढे मोठे आणि जागचे न हलणारे लक्ष्य दुसरे कुठले मिळणार? गॅस पेटला की निरीक्षकाला उडी मारण्यावाचून गत्यंतर नसे. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातील श्टेफान पेट्रोत्सी यांनी फुगाच नको, तारेने बांधलेले उडते यंत्र करू, असे सुचवले. थिओडोर फॉन कारमान आणि विलेम झुरोव्हेट्स हे दोघे त्यांच्यासोबत होते. अवकाशाची सीमा म्हणून शाळेत जी ‘कारमान रेषा’ शिकवतात, तेच हे कारमान. तिघांच्या आद्याक्षरांवरून ही यंत्रे आज पीकेझेड-1 आणि पीकेझेड-2 म्हणून ओळखली जातात.

पीकेझेड-1 ला चार पंखे होते आणि ते फिरवायला 190 अश्वशक्तीची विजेची मोटर. वीज जमिनीवरून केबलने वर जाई. 1918 च्या मार्चमध्ये ते तीन माणसांना घेऊन जमिनीवरून उचलले गेले. थोड्याच उड्डाणांत मोटर जळाली आणि ते तिथेच थांबले. आज केबलने वीज घेऊन तासन्‌तास एका जागी उभा राहणारा ड्रोन दिसला की मला त्या जळालेल्या मोटरची आठवण येते.

पीकेझेड-2 हे झुरोव्हेट्स यांचे काम. एकावर एक, उलटसुलट फिरणारे 6 मीटर व्यासाचे दोन लाकडी पंखे, म्हणजे एकाचा पीळ दुसरा मारणार. त्यांना फिरवणारी तीन रोटरी इंजिने होती. या इंजिनात क्रँकशाफ्ट, म्हणजे मधला दांडा, स्थिर राहतो आणि सिलिंडरच गरागरा फिरतात. आधीची 100 अश्वशक्तीची इंजिने कमी पडली म्हणून 120 ची बसवली. तळाला हवा भरलेल्या पिशव्या, कारण खाली येणे धक्क्याचेच होते. तीन बाजूंना तीन तारा, त्या जमिनीवरच्या विंचवर (तार गुंडाळण्या-सोडण्याच्या यंत्रावर) गुंडाळलेल्या. 2 एप्रिल 1918 पासून उड्डाणे झाली आणि यंत्र सुमारे 50 मीटरपर्यंत चढले. याला फसणे म्हणायचे?

आता मुद्द्याचे. हेलिकॉप्टरच्या पंख्याची (रोटरची) सगळी पाती एका पातळीत फिरतात का, हे तपासणे म्हणजे ब्लेडचे ट्रॅकिंग. ते आम्ही जुन्या पद्धतीने करायचो. प्रत्येक पात्याच्या टोकाला वेगळ्या रंगाचा खडू लावायचा, रोटर फिरवायचा आणि काठीला ताणून बांधलेली कापडी पट्टी हलकेच टोकांजवळ न्यायची. पट्टीवरचे रंग वरखाली उमटले, तर पाती एका पातळीत फिरत नाहीत. मग पात्याचा कोन ठरवणारा पिच रॉड अर्धा फेरा इकडे नाहीतर तिकडे. पात्याचा कोन बदलता येणे हाच हेलिकॉप्टरचा लगाम. झुरोव्हेट्स यांच्या पंख्यांना तो नव्हता. त्यांचा लगाम म्हणजे त्या तीन तारा. पंख्यांची ओढ वजनापेक्षा जास्त आहे तोवर तारा ताठ आणि यंत्र स्थिर. ओढ कमी झाली की तारा सैल पडणार आणि यंत्र डोलू लागणार. 10 जून 1918 ला व्हिएन्नाजवळ फिशामेंड येथे अधिकाऱ्यांसमोरच्या प्रात्यक्षिकात हेच झाले. इंजिने तापली, जोर कमी पडला, विंचवरच्या माणसांना तारा आवरता आल्या नाहीत आणि यंत्र कोसळले. चूक इंजिनाच्या जोराची होती, कल्पनेची नव्हे. ते युद्धही त्याच वर्षी संपले.

मी नाशिकरोडला राहतो. शेजारच्या देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि 1986 मध्ये स्थापन झालेले आपले आर्मी एव्हिएशन तोफखान्याच्याच हवाई निरीक्षण पथकांतून उभे राहिले. गोळा कुठे पडला हे वरून पाहणाऱ्यांचे हे गाव आहे. इथल्या वाचकाला झुरोव्हेट्स हे नाव ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

कृपया ती ओळ दुरुस्त करून या तिघांवर स्वतंत्र लेख द्यावा. सोबत पीकेझेड-2 चे चित्र काढून घेणार असाल, तर चित्रकाराला एक सांगा: निरीक्षकाची टोपली पंख्यांच्या खाली नव्हे, वर होती. मशीनगनसह.

आपला,
एक निवृत्त हेलिकॉप्टर तंत्रज्ञ, नाशिकरोड