प्रकाशाला वळण लावायला शिकवलंत, मॅडम

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

ईमेलमधून तुमचे आभार मानून झाले, पण माझं समाधान झालं नाही. तुम्ही मला जे समजावलंत ते ऑप्टिकल फेज्ड अ‍ॅरेवर (म्हणजे अनेक बारीक अँटेनांनी प्रकाशाचा झोत वळवणाऱ्या रचनेवर) काम सुरू करणाऱ्या कुणाच्याही उपयोगाचं आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. नाव घालू नकोस म्हणालात, ते पाळते.

माझी फोटॉनिक चिप नखाएवढी. तिच्यावर सिलिकॉनचे 64 अँटेना एका ओळीत, एकमेकांपासून 2 मायक्रोमीटर अंतरावर. 1550 नॅनोमीटरचा लेझर एका टोकाने आत शिरतो, फाटे फुटत फुटत 64 वाटांनी पुढे जातो, आणि प्रत्येक वाटेवर एक बारीकसा हीटर बसवलेला आहे. सिलिकॉन तापलं की त्याचा अपवर्तनांक वाढतो आणि तिथून जाणारा प्रकाश किंचित मागे रेंगाळतो. 200 मायक्रोमीटरच्या तुकड्यात अर्धं चक्र मागे पाडायला साधारण 20 अंशांची वाढ पुरते. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत फेजचा, म्हणजे लाट तिच्या चक्रात कुठवर आली आहे त्याचा, सारखा फरक राखला, तर बाहेर पडणाऱ्या लाटा एकाच दिशेला परस्परांना बळ देतात आणि झोत तिकडे वळतो. आरसा फिरत नाही, मोटर चालत नाही.

गणित मी नीट केलं होतं. हीटरना हिशेबाप्रमाणे व्होल्टेज दिलं, आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्यात झोत नव्हता, नुसते विखुरलेले ठिपके होते. तीन आठवडे तेच. चिप बिघडलेली आली असणार, दुसरी मागवावी, असं मला आजूबाजूच्या सगळ्यांनी सांगितलं.

शेवटी मी तुम्हाला लिहिलं. तुमची-माझी ओळखही नव्हती. तरी दुसऱ्याच दिवशी तुमचं उत्तर आलं, आणि त्यात सल्ला नव्हता, मागणी होती: काढलेले आलेख नकोत, मोजलेले मूळ आकडे पाठव. मग पहिल्याच बोलण्यात तुम्ही माझ्या डोक्यातली सर्वांत मोठी गैरसमजूत काढलीत. 64 वाटा आराखड्यात सारख्या असल्या तरी चिपवर त्या सारख्या उतरत नाहीत. 500 नॅनोमीटर रुंदीच्या वेव्हगाइडमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या वाटेत, रुंदी एका नॅनोमीटरने चुकली, तरी मिलीमीटरभर लांबीत फेज जवळजवळ पूर्ण चक्राने ढळू शकते. म्हणजे हीटर बंद असतानाच माझे अँटेना 64 दिशांना तोंड करून उभे होते, आणि मी ते एका रांगेत आहेत असं धरून त्यांना पुढचा हुकूम देत होते.

2013 मध्ये एमआयटीच्या गटाने 64 गुणिले 64, म्हणजे 4096 अँटेनांची चिप दाखवली होती, तेव्हा एवढे सगळे जुळले कसे, असं मी विचारलं. त्या मोठ्या अ‍ॅरेत फेज रचनेतच कायमची बसवली होती, हे तुम्ही लक्षात आणून दिलंत. झोत फिरवायचा तर प्रत्येकाला वेगळं विचारावं लागतं, आणि कसं विचारायचं तेही तुम्हीच शिकवलंत. कॅमेऱ्यातला एकच बिंदू धरायचा, एकाच अँटेनाची फेज पूर्ण चक्रभर फिरवायची, त्या बिंदूचा उजेड लाटेसारखा वरखाली होईल, तो जिथे सर्वांत जास्त तिथे थांबायचं. मग पुढचा अँटेना.

मी ते केलं, तरी जमलं नाही. पुढची गोष्ट मी कधी विसरणार नाही. माझ्या आकड्यांतली एक लाट पडद्यावर उघडून तुम्ही काही वेळ शांत बसलात आणि विचारलंत, ही उजवीकडे दाटत का जाते आहे? खरंच, सुरुवातीला ऐसपैस असलेली लाट पुढे पुढे आखडत होती. मी शंभरदा पाहिलेली ती लाट त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज दुप्पट केलं की फेज चौपट सरकते. मी व्होल्टेजच्या सारख्या पायऱ्या चढत होते आणि फेजही सारखी वाढते असं समजत होते. उत्तर तुम्हाला दिसलं होतं हे मला आता कळतं. तरी ते माझ्या तोंडून येईपर्यंत तुम्ही थांबलात. त्या थांबण्याबद्दल मी सर्वांत जास्त ऋणी आहे.

पायऱ्या वर्गाच्या हिशेबाने बदलल्या आणि एकेक अँटेना ओळीत यायला लागला. पहिल्या काहींनी उजेड जेमतेम हलायचा, पण तीसएक जुळल्यावर प्रत्येक नव्या अँटेनागणिक मधला ठिपका डोळ्यांदेखत ठसठशीत होत गेला. फेज विस्कटलेली असताना सरासरी जेवढा उजेड, त्याच्या तत्त्वतः 64 पट सगळे जुळल्यावर मिळतो, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि होताना बघणं वेगळं. एका हीटरची ऊब शेजाऱ्याला लागते म्हणून सगळी फेरी पुन्हा करायला तुम्ही सांगितलं होतंत. मला तीन फेऱ्या लागल्या. रात्री उशिरा झोत 10 अंश डावीकडे गेला, मग 10 अंश उजवीकडे, आणि मी तो कितीतरी वेळ नुसती इकडून तिकडे फिरवत राहिले.

चार संध्याकाळी तुम्ही मला दिल्यात. तुमच्या स्वतःच्या चिपा टेबलावर वाट पाहत होत्या हे मला नंतर कळलं. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राऊन यांनी 1905 मध्ये तीन अँटेनांनी रेडिओलहरींना दिशा दिली होती, ही माहितीही तुमचीच. ती मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे, आणि तिच्याखाली तुमचा तो प्रश्न.

आपली कृतज्ञ,
एक संशोधक विद्यार्थिनी

ता. क. अँटेनांमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीपेक्षा जास्त आहे, तेव्हा झोत सरळ ठेवून 51 अंशांवर खोटा झोत, म्हणजे मुख्य झोताची नक्कल, शोध, असं तुम्ही म्हणाला होतात. काल कॅमेरा तिकडे वळवला. दोन्ही बाजूंना आहे, अगदी तिथेच.